कुत्र्याच्या गळ्याखाली पुन्हा पुन्हा भरणारी लाळेची गाठ

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शेरू साडेचार वर्षांचा जर्मन शेफर्ड. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या गळ्याखाली लिंबाएवढा फुगा दिसला, आता तो मोसंब्याएवढा झाला आहे. दाबला तरी शेरू ओरडत नाही, जेवण-खेळणं व्यवस्थित चालू आहे. डॉक्टरांनी दोनदा सुईने ‘पाणी’ काढलं, दोन्ही वेळा पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांच्या आत गाठ होती तशी झाली. आता एक जण ऑपरेशन करून टाका म्हणतो, दुसरा म्हणतो कॅन्सर असला तर चाकू लागताच पसरेल, आणि सासूबाईंना काळजी आहे की ग्रंथी काढली तर बिचाऱ्याच्या तोंडाला लाळच सुटणार नाही, मग तो जेवणार कसा. ऑपरेशन करावं की अजून एकदा पाणी काढून बघावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी इंदुरात चोवीस वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते, शिक्षण महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं. शेरूला मी हात लावून पाहिलेलं नाही, तेव्हा इथे बसून निदान करणं योग्य नाही. पण मऊ, न दुखणारी, रिकामी केली की परत भरणारी गाठ, तीही तरुण जर्मन शेफर्डला, हे वाचून पहिली शंका लाळगाठीची येते. डॉक्टर तिला सायलोसील किंवा म्युकोसील म्हणतात. या जातीत ती बऱ्यापैकी दिसते, पूडल आणि डॅशहुंडमध्येही दिसते.

आता मूळ अडचण. सुई की ऑपरेशन हे ठरवण्याआधी लाळ कुठल्या ग्रंथीतून आणि कुठल्या बाजूने गळते आहे हे कळायला हवं. तुम्हाला दिसतो तो फुगा म्हणजे नुसती साचलेली लाळ. भिंतीतली नळाची लाइन फुटली की आपण ओल कितीही वेळा पुसली तरी ती परत येते, तसंच हे आहे. सुईने फुगा रिकामा होतो, आणि ग्रंथी त्याच दिवसापासून तो पुन्हा भरायला लागते. तुमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा सुई घातली ते बरोबरच केलं, ती तपासणी होती. तीच गोष्ट उपचार म्हणून परत परत करण्यात मात्र काही हाती लागत नाही. उलट प्रत्येक सुईबरोबर जंतू आत जायची शक्यता वाढते, आतल्या जागा एकमेकींना चिकटत जातात आणि पुढे ऑपरेशन करणाऱ्याचं काम अवघड होतं.

कुत्र्याला मोठ्या लाळग्रंथींच्या चार जोड्या असतात. कानाच्या मुळाशी पॅरोटिड, जबड्याच्या कोपऱ्यामागे मँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल, आणि डोळ्याच्या खाली गालाच्या हाडाआड झायगोमॅटिक. आज शेरू शांत बसलेला असताना त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यामागे दोन्ही बाजूंना बोटं फिरवून बघा. सुपारीपेक्षा बरीच मोठी, गुळगुळीत, घट्टसर अशी एक-एक लांबट गाठ लागेल. ती मँडिब्युलर ग्रंथी, ती तिथे असायलाच हवी. महिन्यातून एखादे तरी गृहस्थ हीच गाठ घेऊन घाबरेघुबरे माझ्याकडे येतात.

या मँडिब्युलर ग्रंथीला लागूनच, तिच्याच आवरणात, सबलिंग्वल ग्रंथीचा मागचा भाग असतो. दोघींच्या नळ्या शेजारी शेजारी पुढे जातात आणि जिभेखाली उघडतात. गळ्याखालच्या बहुतेक लाळगाठी या सबलिंग्वल ग्रंथीतून किंवा तिच्या नळीतून गळालेल्या लाळेच्या असतात. लाळ आजूबाजूच्या मांसात शिरली की शरीराला ती परकी वाटते, सूज येते, आणि शरीर तिच्याभोवती स्वतःच एक भिंत उभी करतं. सुरुवातीचे काही दिवस ती जागा घट्ट आणि थोडी दुखरी असते, पुढे मऊ होते आणि दुखणं थांबतं. तुमच्या लक्षात गाठ आली तोवर दुखरे दिवस बहुधा होऊन गेले असावेत.

गळती का सुरू होते, याचं उत्तर पुष्कळदा मिळत नाही. गळ्यातल्या चोक चेनचा (ओढली की आवळणाऱ्या साखळीचा) झटका, दुसऱ्या कुत्र्याचा चावा, तोंडात घुसलेली काडी किंवा हाडाचा तुकडा अशी कारणं कधी सापडतात. क्वचित नळीत खडा अडकलेला असतो. शेरूला चोक चेन घालत असाल तर ती आजच काढून ठेवा, गाठ कशामुळेही झालेली असो.

आता ही गाठ खरोखर लाळेचीच आहे का? सुईतून काय आलं हे पाहिलं की बरंचसं कळतं. तुम्ही ‘पाणी’ लिहिलं आहे, पण लाळगाठीतून पाणी येत नाही. सिरिंज ओढताना जोर लागतो. बाहेर येतो तो मधासारखा किंवा फिकट गुलाबी, दाट द्रव. मी त्याचा एक थेंब हातमोज्याच्या अंगठ्यावर घेते आणि तर्जनी लावून हळूहळू लांब करते. जलेबीचा पाक झाला की नाही हे पाहताना जशी तार ओढतात तशी तार निघते, आणि बोटं दोन-तीन इंच लांब गेली तरी तुटत नाही. ही तार दिसली की माझी खात्री सत्तर-ऐंशी टक्के होते. उरलेल्यासाठी तोच द्रव काचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला देते. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा की दोन्ही वेळा जे निघालं ते चिकट, तारेचं होतं का, आणि त्याची पट्टी करून कुणी पाहिली का.

पिवळा, दुर्गंधीचा पू आला असेल तर तो गळू. तेव्हा कुत्र्याला ताप असतो, हात लावला की तो मान काढून घेतो. सुईत फक्त थोड्या पेशी आल्या, द्रव जवळपास नाहीच, तर ती लिम्फ नोड, म्हणजे रोगाशी लढणारी शरीरातलीच छोटी गाठ, असू शकते. आपल्याकडे गोचीडतापात लिम्फ नोड सुजतात, आणि लिम्फोमा नावाच्या कॅन्सरमध्येही सुजतात, पण तेव्हा बहुतेक वेळा खांद्यापुढे आणि गुडघ्यामागेही गाठी लागतात. म्हणूनच एक विनंती आहे. निदान होईपर्यंत ‘सूज उतरावी’ म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ नका. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने गाठी काही दिवस वितळतात, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमकं निदान हातून निसटतं. घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही देऊ नका. कुत्र्याच्या जठरात त्याने व्रण पडून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. असे कुत्रे मी पाहिले आहेत, आणि ते सगळे घरच्यांच्या मायेपोटीच तसे झाले होते.

कॅन्सरबद्दल सांगते. लाळग्रंथीचा कॅन्सर कुत्र्यात होतो, पण क्वचित, आणि साधारण दहाच्या पुढच्या वयात. ती गाठ घट्ट असते, खालच्या मांसाला रुतून बसते, सुईने रिकामी होऊन सपाट होत नाही. शेरूचं वर्णन तसं नाही. तरीही मी काढलेली प्रत्येक ग्रंथी बायोप्सीला पाठवते, दिसायला कितीही साधी असली तरी. चाकू लागला की पसरतो, या भीतीने थांबून राहिलेल्या कुत्र्यांचं नुकसान मी जास्त पाहिलं आहे.

बाजू ठरवणं हा माझ्या दृष्टीने सगळ्यात नाजूक भाग आहे. गाठ जुनी झाली की ती सरकत सरकत गळ्याच्या मधोमध येते आणि डावी की उजवी हे वरून कळत नाही. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी मी एका लॅब्रेडॉरची उजवी ग्रंथी काढली. गाठ मधोमध होती, थोडी उजवीकडे झुकली आहे असं मला वाटलं, आणि मी तेवढ्यावर विसंबले. महिन्याभरात गाठ परत आली. गळती डावीकडची होती. मालकांना मी स्वतः बोलावून चूक सांगितली, दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे घेतले नाहीत, आणि कुत्रा बरा झाला. पण त्या जनावराला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली ती केवळ माझ्या घाईमुळे, हे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी घरच्यांना विचारते की सगळ्यात पहिल्यांदा, अगदी लहान असताना, गाठ कुठल्या बाजूला दिसली होती. तुम्हीही मोबाइलमधले दोन महिन्यांपूर्वीचे फोटो काढून बघा, त्यात उत्तर सापडतं असा माझा अनुभव आहे. मग कुत्र्याला पाठीवर सरळ निजवून मान लांब करते. बऱ्याचदा फुगा ज्या बाजूची ग्रंथी आहे त्या बाजूला कलतो. गाठ हलके दाबून तोंडात बघते, कारण कधी जिभेखाली एका बाजूला फुगवटा उठतो आणि बाजू स्पष्ट होते. त्यानंतर सोनोग्राफी. एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर नळीत औषध सोडून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन, पण ती वेळ फार कमी येते. तुमचे सर्जन हे सगळं करतीलच, तरी ‘बाजू कशी ठरवली’ हे मोकळेपणी विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

समजा निदान लाळगाठीचं पक्कं झालं आणि बाजू ठरली, तर माझा सल्ला ऑपरेशनचा आहे. त्या बाजूची मँडिब्युलर आणि सबलिंग्वल ग्रंथी दोन्ही एकत्र काढतात. त्या एकाच आवरणात असल्यामुळे एक काढून दुसरी ठेवणं जमत नाही. जबड्यामागे मानेतल्या दोन मोठ्या शिरा एकत्र येऊन इंग्रजी वाय अक्षरासारखा काटा होतो, त्या काट्यात ही ग्रंथी बसलेली असते. वरचं पांढरट आवरण उघडून ती सोलत पुढे आणायची, जबड्याखालच्या स्नायूच्या पलीकडे जिभेच्या दिशेने नळ्यांचा माग काढत जायचं, आणि जिभेची नस आडवी येते तिथवर पोचलं की बांधून कापायचं. इथे आळस केला आणि सबलिंग्वलचे पुढचे छोटे तुकडे मागे राहिले, की गाठ परत येते. फुग्याची भिंत काढायची गरज नसते. ती शरीराने बनवलेली आहे, लाळ यायची बंद झाली की आपोआप आवळून जाते. फुगा रिकामा करतात आणि आतलं पाणी बाहेर यावं म्हणून काही दिवस एक बारीक नळी, ड्रेन, ठेवतात. नीट झालेल्या ऑपरेशननंतर गाठ परत येण्याचं प्रमाण फार कमी आहे.

सासूबाईंना सांगा, लाळ आटणार नाही. एका बाजूच्या दोन ग्रंथी गेल्या तरी बाकीच्या काम करत राहतात. दोन्ही बाजूंच्या काढाव्या लागलेले कुत्रेही माझ्याकडे आहेत, त्यांची तोंडं कोरडी पडलेली नाहीत. शिवाय आपल्या लाळेत पिष्ट पचवणारा रस असतो, तसा कुत्र्याच्या लाळेत जवळपास नसतोच. त्याला लाळ लागते ती घास ओला होऊन घशाखाली सरकावा एवढ्यासाठी.

ऑपरेशन कधी करावं हे मात्र परिस्थितीवर आहे. शेरू तरुण आहे, श्वास मोकळा आहे, तेव्हा आठवडा-दोन आठवडे तयारीला घेतले तर बिघडत नाही. या काळात रक्ताची तपासणी जरूर करा आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, बघा. गोचीडताप अंगात दडून असतो, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, आणि टेबलावर रक्त थांबत नाही. प्लेटलेट्स कमी निघाल्या तर आधी तो उपचार, मग ऑपरेशन. तेरा-चौदा वर्षांचा, हृदय कमकुवत असलेला कुत्रा असता तर मी कदाचित वेगळं सांगितलं असतं. अशा म्हाताऱ्यांची गाठ मी अधूनमधून, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने, रिकामी करते आणि त्यांना त्रासात टाकत नाही. बाजारात गाठीवर लावायचे लेप आणि गाठीत टोचून ती ‘जाळायची’ औषधं मिळतात, ती दोन्ही टाळा. लेपाने आतली गळती थांबत नाही, आणि टोचलेल्या औषधाने आत इतका चिकटा होतो की पुढे नसा आणि शिरा ओळखणं मुश्कील होतं.

थांबायचं नाही अशी एक अवस्था आहे. लाळ गळ्याखाली न साचता घशात साचली तर बाहेरून काही दिसत नाही, पण कुत्रा घोरायला लागतो, गिळताना अडखळतो, दम लागतो. मागे एका मे महिन्यात रात्री अकराला एक पग आला होता. घरचे म्हणत होते उन्हाने असं करतोय. तोंड उघडलं तर घशात मागे अंड्याएवढा चकचकीत फुगा. जीभ निळसर पडली होती. भूल देऊन श्वासाची नळी घातली, फुगा सुईने रिकामा केला, तेव्हा कुठे रंग परत आला. ग्रंथी दुसऱ्या दिवशी काढली. शेरूच्या श्वासाचा आवाज बदलला, तो मान लांब करून श्वास घ्यायला लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. जिभेखाली फुगवटा वाढून तो जेवताना दाताखाली येऊ लागला आणि रक्त दिसलं, तरी लवकर न्या. त्याला रॅन्युला म्हणतात, त्यात ग्रंथी काढण्याबरोबर फुगा तोंडाच्या आत उघडून त्याच्या कडा शिवतात.

शेजारी कुणाच्या कुत्र्याची ‘लाळेचीच तक्रार’ आहे असंही तुम्ही शेवटी लिहिलंय, तेव्हा थोडं त्याबद्दल. लाळ गळणं आणि लाळगाठ या निराळ्या गोष्टी आहेत. नुसती लाळ गळत असेल तर दातात अडकलेलं हाड, किडलेला दात, मळमळ, ऊन लागणं, बेडूक तोंडात धरणं, गोचीड मारायचं औषध चाटणं अशी कारणं असतात. आणि आपल्या देशात पहिलं नाव रेबीजचं घ्यावंच लागतं. लसीकरणाचा पत्ता नाही, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, गिळता येत नाही, अशा कुत्र्याच्या तोंडात ‘हाड अडकलं असेल’ म्हणून कुणीही हात घालू नये. कुणी घातलाच असेल आणि हातावर ओरखडा असेल किंवा लाळ लागली असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात लस सुरू करावी. शेजाऱ्यांना हे आजच सांगा.

लाळग्रंथींचे बाकीचे आजार थोडे आहेत, पण फसवे आहेत. दोन्ही बाजूंच्या मँडिब्युलर ग्रंथी मोठ्या होतात, दुखत नाहीत, आणि कुत्रा सारखा गिळत राहतो, उबळ काढतो, अशी एक अवस्था असते, सायलॅडेनोसिस. तिथे चाकू लावायचाच नसतो. फिट्सवर देतात त्या फिनोबार्बिटोनने यातले बरेच कुत्रे काही दिवसांत सुधारतात. अन्ननलिकेत गाठी करणारा स्पायरोसर्का नावाचा जंतही अशा सुजेमागे सापडतो, म्हणून ती तपासणी आधी. झायगोमॅटिक ग्रंथी सुजली तर एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो आणि तोंड उघडताना कुत्रा किंचाळतो. शेरूच्या वर्णनात यातलं काही नाही. तो सारखा गिळत असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मग सगळा विचार बदलतो.

खर्चाचा आकडा मी देत नाही, तो भूल कुठली, तपासण्या किती, कुठल्या दवाखान्यात यावर फार बदलतो. महूच्या महाविद्यालयाचा दवाखाना इंदुरातून तासाभराच्या आत गाठता येतो. तिथे सर्जरीचा विभाग आहे. हात बसलेला सर्जन आणि गॅसची भूल जिथे मिळेल तिथे जा. या ऑपरेशनचा हात किती आहे हे आधी विचारून घ्या.

घरी आल्यावर तीन-चार दिवस मऊ खाणं द्या. मुगाची पातळ खिचडी किंवा भिजवलेलं डॉगफूड चालेल, आणि भांडं थोडं उंचावर ठेवा म्हणजे मान ताणायला नको. ड्रेनमधून दोन-तीन दिवस लालसर पाणी येतं, त्याला घाबरू नका, साध्या सलाइनने पुसून घ्या. ड्रेन साधारण तीन ते पाच दिवसांत काढतात, टाके दहा ते चौदा दिवसांनी. तोवर गळ्यात प्लॅस्टिकचा कोन राहू द्या, शेरू कितीही केविलवाणा दिसला तरी. जबड्याखाली थोडी सूज आठवडाभर राहते, ती दिवसेंदिवस कमी व्हायला हवी. वाढू लागली, गरम लागली किंवा शेरूने जेवण सोडलं, तर त्याच दिवशी दाखवा. आणि फिरायला नेताना गळ्यातला पट्टा नको, छातीला बांधायचा हार्नेस घ्या. मापाचा घ्या, म्हणजे त्याची वरची पट्टी टाक्यांवर घासणार नाही.